नवव्या नंबरचा सिनेमा

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी पेपरच्या पुरवणीत एक अख्खं पान आलं होतं, ‘नव्या वर्षात ज्यांची वाट पाहावी असे दहा चित्रपट’. वरचे तीन-चार सगळ्यांना ठाऊक असलेले, मोठमोठ्या नटांचे. मी चहा पीत पीत खाली उतरत गेले आणि नवव्या नंबरावर थांबले. ‘सहा महिन्यांचं गाव’. अंगठ्याएवढा फोटो आणि चार ओळी. ऊसतोड मजुरांच्या आयुष्यावरचा, मराठवाड्यात चित्रित झालेला, एका तरुण दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट. मी चहा तसाच ठेवला, पेपर काखेत मारला आणि सरजाबाईंकडे निघाले.

सरजाबाई खिल्लारे आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मी वालूरच्या जिल्हा परिषद शाळेत बावीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिले, तेव्हापासून आमची रोजची ऊठबस आहे. त्या ओट्यावर उन्हाला पाय सोडून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली नाही.

“माझं नाव हाय का त्येच्यात, बाई?”

“तुमचं नाही. दिग्दर्शक म्हणून पंडितचं आहे, नायिका म्हणून रेणुकाचं आहे.”

“मग झालं की. लेकरायचं आलं.” आणि पुढची शेंग घेत म्हणाल्या, “नववा म्हंजी वरून का खालून?”

“वरून.”

“तरी चांगलंय. धाव्याच्या फुडं हाय.”

हे प्रकरण सुरू झालं होतं त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. पण त्याआधी सरजाबाई कोण, हे सांगायला हवं.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या वालूरला आल्या आणि त्याच वर्षी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेल्या. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. सरजाबाई आणि सूर्यभानराव यांचा कोयता चोवीस वर्षं चालला. सांगली, कोल्हापूर, दोन साल कर्नाटकात. दसरा झाला की मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकात बसायचं आणि काही झालं तरी चौदा एप्रिलच्या आत गावात यायचं, हा दोघांचा नियम. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरून सूर्यभानराव पुढं असायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा धम्मपाल माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. आईबाप फडावर गेले की तो आजीजवळ राहायचा. पुढं परभणीला वसतिगृहात गेला, बी. कॉम. झाला आणि तिथल्याच एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागला. त्याला नोकरी लागली त्या वर्षी सरजाबाईंनी कोयता कायमचा आढ्याला खोचून ठेवला. सूर्यभानराव गेले त्याला आता आठ वर्षं झाली.

तर त्या फेब्रुवारीत गावात सिनेमावाले आले. त्यांचा दिग्दर्शक पंडित हा पिंगळीचा पोरगा. लहानपण तिथल्या रेल्वे स्टेशनाजवळ गेलेलं, मग पुण्याला शिकायला गेला आणि आता हा पहिला सिनेमा करायला निघालेला. वालूरच्या शिवारात त्यानं उसाचा एक फड बघून ठेवला होता, तिथंच मजूर राहतात तशा पाचटाच्या कोपी उभ्या केल्या होत्या. नायिकेचं काम करणारी रेणुका पुण्याची. ती चार-सहा दिवस आधीच आली होती, काम शिकायला. पंडितनं गावात विचारलं, ‘हिला ऊस तोडायला कोण शिकवील?’ ज्याला विचारलं त्यानं सरजाबाईंच्याच घराकडं बोट दाखवलं.

पहिल्या दिवशी मीही बघायला गेले होते. रेणुकानं कोयता धरला, उसाची मधली कांडी बघून एक हलकासा वार केला. सरजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“आगं, काकडी कापायलीस का?”

सगळे हसले. रेणुकाही हसली, पण तिचे कान लाल झाले.

“बुडाला वाक. ऊस मातीला टेकून तोडायचा. गोडी बुडात आसती. वरून तोडला तर कारखानदाराचं नुकसान आन् आपल्याला शिव्या. आन् मारायचं म्हनून मारू नको, कोयत्याला जाऊ दी.”

मग तीन दिवस हेच. वाकायचं, तोडायचं, पाला साळायचा, शेंड्याच्या हिरव्या पानांची दोन वाढी एकमेकांत पिळून त्यांनी मोळी बांधायची. रेणुकाच्या हाताला फोड आले. सरजाबाईंनी रोज संध्याकाळी तिच्या हाताला खोबरेल तेल लावलं, पण सुट्टी काही दिली नाही. चौथ्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं होतं. फळी वीतभर रुंदीची, आणि माणूस चढलं की खालीवर होणारी. रेणुका दोन पावलं चढली आणि तिथंच उभी राहिली.

“मावशी, मला जमणार नाही. पाय थरथरतायत.”

“चप्पल काढ.”

“खाली बघितलं की भीती वाटते.”

“मग बघू नको. फळी पायानं बघायची आसती, डोळ्यानं न्हाई. चल, मी म्होरं होते.”

आणि बासष्ट वर्षांच्या सरजाबाईंनी पदर खोचला, चुंबळ ठेवली, मोळी उचलून घेतली आणि बघता बघता वर गेल्या. ट्रकात मोळी टाकून त्या वळल्या तेव्हा त्यांना दम लागला होता, पण चेहरा असा काही दिसत होता की मी इतक्या वर्षांत तो पाहिला नव्हता. त्यांच्यामागून रेणुका चढली. हळूहळू, पण चढली.

बोलण्याचंही तसंच. एक प्रसंग होता. कोपीत बसलेली लहान मुलगी आईला विचारते, ‘आई, आपलं घर कुठं आहे?’ कागदावर आईचं उत्तर होतं, ‘आपलं घर आभाळाखाली आहे, बाळा.’ रेणुकानं ते म्हणून दाखवल्याबरोबर सरजाबाईंना हसू आवरेना.

“आभाळाखाली तर समदेच हायेत की. कलेक्टर बी हाय.”

पंडित जवळ येऊन बसला. “मग मावशी, तुम्ही काय म्हणाला असता?”

“मी? शाळंच्या आधी धम्मपालला दोन वर्षं बरोबर नेला व्हता, तवा रोजच इचारायचा त्यो.” त्यांना आठवावंही लागलं नाही. “म्या म्हनायची, घराला कुलूप लावून आलोय, ते कुठं पळून जायलंय? जेव आधी.”

पंडितनं कागदावरची ओळ खोडली आणि वर ही लिहिली. त्या दिवसापासून प्रत्येक कागद आधी सरजाबाईंना ऐकवायचा आणि मग क्यामेऱ्यापुढं जायचा, असा रिवाजच पडला.

पुढं आणखी एक झालं. टोळीतल्या एका म्हातारीचं छोटं काम करायला मुंबईची नटी येणार होती, ती आजारी पडली. पंडितनं सरळ सरजाबाईंनाच विचारलं. त्या हो म्हणाल्या, पण ही गोष्ट धम्मपालच्या कानावर गेली. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच बसले होते. सरजाबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोन नेहमी मोठ्यानं लावतात.

“आई, तू शिकवायलीस तितपत ठीक होतं. आता तोंड दाखवायलीस. इथं ऑफिसात सगळ्यांना मी सांगितलंय, आमची शेती आहे. रोहिणीच्या माहेरीही तेच सांगितलंय.”

“आपली कुठं शेती हाय, बाबा?”

“म्हणूनच म्हणतो. ते दिवस विसरावेत म्हणून तर एवढं केलं ना आपण?”

सरजाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “तू इसरावंस म्हनून म्या केलं, त्ये खरं हाय. तू इसर. मी कशाला इसरू? मी काय चोरी न्हाई केली.”

फोन ठेवल्यावर त्यांनी मला चहा केला. साखर घालायची राहिली होती. मी तसाच प्यायले. दुसऱ्या दिवशी त्या क्यामेऱ्यापुढं उभ्या राहिल्या. धम्मपाल दर महिन्याला यायचा, तो त्यानंतर जयंतीपर्यंत आला नाही. आला तेव्हाही सिनेमाचा विषय दोघांनीही काढला नाही.

पेपरात ते पान आल्यावर मात्र विषय झाकायची सोय राहिली नाही. अख्खं वालूर त्या सिनेमाची वाट पाहायला लागलं. सरजाबाई दळणाला गेल्या तरी लोक विचारायचे, सेलूला दवाखान्यात निघाल्या तर बसमधला कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारायचा, ‘आत्या, कधी यायलाय?’ आधी पाडव्याला येणार म्हणून कळलं. मग जून. जूनमध्ये एका मोठ्या सिनेमानं सगळीकडचे पडदे घेतले म्हणून पुन्हा पुढं गेला. मला राग यायचा, त्यांना यायचा नाही. “ऊस बी बारा महिन्यानं येतो, बाई. त्येला वरडून काय लवकर येतंय व्हय?”

जुलैत दीड मिनिटाची झलक मोबाइलवर आली. त्यात सरजाबाईंचा चेहरा नव्हताच. फक्त मोळी बांधणारे दोन हात होते. पण गल्लीतल्या बायनाबाईनं, जी अजून दरसाल तोडीला जाते, ते हात बघताक्षणी आरोळी ठोकली, “सरजाआत्याचे हात हायेत ह्ये! आंगठ्याचा वण बगा!” त्या दिवशी दोन हातांची ती झलक वालूरमध्ये किती वेळा बघितली गेली असेल, सांगता येणार नाही.

पोळा झाला आणि पंडितचा फोन आला. तारीख ठरली, नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. तो इतक्या आनंदात होता की आधी त्याला सरजाबाईंचं गप्प बसणं कळलंच नाही.

“मावशी, ऐकताय ना?”

“ऐकायले. पंडित, बाबा, नोव्हेंबरात गावात कोन आसतंय?”

“म्हणजे?”

“दसरा झाला की टोळ्या जातेत. बायना जाईल, तिचा नवरा जाईल, आमची अर्धी गल्ली जाईल. ज्येंचा शिनेमा हाय त्ये फडात आन् तुमी इकडं कुनाला दाखवायले? मला एकलीला?”

पंडित पलीकडून म्हणाला, “मावशी, तारीख माझ्या हातात नाही. पण मी बघतो.”

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. निर्मात्यांनी तारीख बदलली नव्हती, पण एक खेळ आधी करायला ते तयार झाले होते. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, परभणीला, सकाळी दहा वाजता, फक्त ऊसतोडीच्या माणसांसाठी. तिथं टॉकीजवाल्याशी बोलायला, सगळं जुळवायला गावचं कुणीतरी पाहिजे होतं. सरजाबाईंनी विचार न करता धम्मपालचा नंबर देऊन टाकला.

“त्याला विचारलं तरी का?” मी म्हणाले.

“इचारलं आसतं तर न्हाई म्हनला आसता. परक्या मानसाला न्हाई म्हनायला त्येला जमत न्हाई. ल्हानपनापासून वळखते मी त्येला.”

झालंही तसंच. पंडितनं थेट त्यालाच फोन केला आणि धम्मपालला नाही म्हणता आलं नाही. आधी फक्त टॉकीजच्या मालकाला भेटून आला. मग पाण्याचे जार कुठून आणायचे ते त्यानंच बघितलं. मग पासेस कमी पडतायत म्हणून पंडितशी भांडला. पाथरी-मानवतकडच्या टोळ्यांनाही निरोप गेला पाहिजे, हे त्याचंच डोकं. रोहिणी मला फोनवर म्हणाली, “बाई, हे रोज ऑफिस सुटलं की टॉकीजवर जायलेत. घरात दुसरं बोलणंच नाही.”

वालूरहून जायला मुकादम मुंजाजीनं आपले दोन ट्रक दिले. “न्हाईतरी फुडच्या हप्त्यात ह्याच ट्रकात बसायचंय तुमाला. आज शिनेमाला बसा,” तो म्हणाला. पण त्याला एक काळजी होती. वाटेत त्यानं सरजाबाईंना हळूच विचारलं, “आत्या, मुकादम लय वाईट दाखवलाय का?”

“तुझ्यापेक्षा जरा बरा दाखवलाय,” सरजाबाई म्हणाल्या, आणि ट्रकभर हशा झाला. मुंजाजीही हसला.

टॉकीजच्या दारात धम्मपाल इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. एकेकाला आत पाठवत होता, म्हाताऱ्यांचा हात धरून पायऱ्या चढवत होता. त्याच्या पतसंस्थेचे मॅनेजर व्यंकटराव कुटुंबासह आले होते, त्यांना त्यानंच बोलावलं होतं. मी आणि सरजाबाई पायऱ्या चढत असताना ते विचारत होते, “धम्मपाल, या सिनेमाशी तुमचा संबंध काय म्हणायचा?”

“आईचा आहे, साहेब. ही माझी आई.” त्यानं सरजाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “चोवीस वर्षं ऊस तोडला हिनं. वडिलांनी पण. सिनेमात नायिका जे करते ते हिनं शिकवलंय.”

व्यंकटरावांनी हात जोडून नमस्कार केला. सरजाबाईंनीही केला आणि लगेच म्हणाल्या, “बसा, साहेब, जागा धरा. आमच्या बायका लय आल्यात.” धम्मपालकडं त्यांनी बघितलं नाही. पण आत खुर्चीवर बसल्यावर त्यांनी चष्मा काढून पदरानं कितीतरी वेळ पुसला.

सिनेमा सुरू झाला. पहिली दहा-पंधरा मिनिटं लोक एकमेकांना खुणा करत होते, ही पाठ कुणाची, तो बैल कुणाचा. मग हळूहळू गप्प झाले. रेणुका डोक्यावर मोळी घेऊन फळीपाशी आली तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईनं जोरात ओरडून सांगितलं, “आगं, चप्पल काढ!” आणि पडद्यावर रेणुकानं चप्पल काढली. टॉकीज टाळ्यांनी दुमदुमलं.

कुलपाच्या वाक्याला सगळे खळखळून हसले. मग ते हसणं एकदम ओसरलं. माझ्या डाव्या बाजूला बायनाबाई बसली होती. तिची मुलं त्या वर्षीही तिच्याबरोबर फडावर जाणार होती. ती पडद्याकडं बघत नुसती मान हलवत राहिली.

सरजाबाईंचा प्रसंग उत्तरार्धात आला. टोळीतली म्हातारी मोळी बांधता बांधता नव्या सुनेला विचारते, ‘कोयता नवा हाय, का तूच नवी हायेस?’ एवढंच. फार तर अर्धं मिनिट. वालूरची माणसं उठून उभी राहिली, शिट्ट्या वाजल्या. मी सरजाबाईंकडं वळले.

“कसं वाटतंय?”

“पदर नीट घेतला न्हाई म्या,” त्या पुटपुटल्या. “कुनी सांगितलं बी न्हाई.”

खेळ संपल्यावर पंडित पडद्यापुढं येऊन उभा राहिला. त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, “पेपरवाले काय म्हणतील ते म्हणतील. मला तुमचं ऐकायचंय. काय चुकलं?” बायनाबाई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलत होती.

“समदं खरं हाय, दादा. एकच चुकलं. कोपीवर पाऊस येतो तवा ती बसून रडायली. तवा रडायला फुरसत न्हाई मिळत. आधी पीठ उचलायचं आसतंय.”

पंडितनं तिथंच खिशातून वही काढून लिहून घेतलं. “आता बदलता येणार नाही, ताई,” तो म्हणाला. “पण माझं चुकलं.”

“चुकू द्या. बाकी चांगला काढलाय,” बायनाबाई म्हणाली आणि खाली बसली.

आठवड्यानं तेच दोन ट्रक टोळ्या घेऊन गेले. नोव्हेंबरात सिनेमा सगळीकडं लागला. परभणीत नऊ दिवस चालला, पुण्यात तीन आठवडे. फार मोठा गाजला असं नाही, पण रेणुकाचं सगळ्यांनी कौतुक केलं. एका पेपरात तर ‘अस्सल कोल्हापुरी बोलीचा ठसका’ म्हणून छापून आलं. मी चिडून ते सरजाबाईंना वाचून दाखवलं. त्यांना काही वाटलं नाही. “सहा-सहा महिने तिकडंच काढले की म्या. थोडी लागली आसंल.”

आता धम्मपाल दर पंधरा दिवसांनी येतो. रोहिणीनं आग्रह करून सासूला आठवडाभर परभणीला नेलं, दोन सिनेमे दाखवले. त्यातल्या एकात त्या मध्यंतरापर्यंत झोपल्या आणि दुसरा त्यांना इतका आवडला की परत आल्यावर मला त्याची पूर्ण गोष्ट सांगितली, मारामारीसकट.

जानेवारीत रेणुका हुरडा खायला म्हणून आली. पुण्याहून एकटीच, रेल्वेनं सेलूपर्यंत आणि तिथून बसनं. सरजाबाईंनी आगटी पेटवली होती. कणसं भाजून त्या हातावर चोळत होत्या आणि रेणुका कोवळे दाणे गरमगरमच तोंडात टाकत होती. पुढच्या वर्षी तिचा दुसरा सिनेमा येणार आहे, मासेमारीवरचा. महिनाभर रत्नागिरीजवळ एका गावात राहून आली होती.

“तिथं कुनाकडून शिकायलीस?” सरजाबाईंनी विचारलं.

“एक कोळीण आहे, मावशी. तुमच्याएवढीच. फार ओरडते माझ्यावर.”

“कशापायी?”

“जाळं ओढताना मी चुकीच्या पायावर उभी राहते म्हणून.”

सरजाबाईंनी तळव्यावरचा हुरडा फुंकून साफ केला आणि तिच्या ओंजळीत ओतला.

“मग ऐकत जा तिचं. आन् गेलीस की माझा जयभीम सांग तिला. म्हनावं, परभनी जिल्ह्यातल्या सरजाबाईनं सांगितलाय.”

रेणुकानं मान हलवली. सरजाबाईंनी तिच्यापुढं शेंगदाण्याची चटणी सरकवली आणि आणखी दोन कणसं निखाऱ्यावर टाकली.